खानदेशचा उन्हाळा आणि मोटारीचे चाक

पौषातल्या एखाद्या पहाटे धुळ्याचा पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, पांझरेच्या काठी धुके साचते, रावेर-यावलचा केळीउत्पादक शेतकरी बाग करपू नये म्हणून बांधाबांधाने शेकोट्या पेटवून धूर करतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत बर्फाच्छादित रस्त्यांवरून निर्धास्त धावणाऱ्या परदेशी मोटारींची चित्रे आपल्या घराघरांत येऊन पोहोचतात. तेव्हा गेल्या काही वर्षांत ज्याची ऐपत वाढली आणि ज्याने एसयूव्ही या नावाने ओळखली जाणारी उंच, अवजड मोटार हौसेने दारात उभी केली, अशा जळगाव-धुळ्याच्या गृहस्थाच्या मनात आपल्याही गाडीला हिवाळी टायर आणि त्यांच्या जोडीची वेगळी चाके असावीत की काय, असा प्रश्न उद्भवला तर त्यात अस्वाभाविक असे काही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते, आणि ते ‘नकोत’ असे आहे. परंतु हवामान पाहून टायर निवडावा हा जो विचार त्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, तो मात्र सर्वथैव योग्य आहे. आपल्याकडे तो विचार केला जात नाही आणि त्याचे मोल दरवर्षी चैत्र-वैशाखात महामार्गांवर माणसांच्या जिवाने चुकवावे लागते, हे या लेखाचे प्रयोजन होय.

हिवाळी टायर ही चैनीची वस्तू नसून शीतप्रदेशाची निकड आहे. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने, म्हणजे आज नोकियन या नावाने प्रसिद्ध असलेल्या संस्थेच्या पूर्वजाने, १९३४ साली मालमोटारींकरिता बर्फावर चालणारा टायर प्रथम तयार केला आणि दोनच वर्षांनी मोटारगाड्यांसाठी ‘हाक्कापेलिट्टा’ बाजारात आणला. त्यामागील शास्त्र असे की, सर्वसाधारण टायरचे रबर तापमान सुमारे सात अंशांखाली गेले की ताठर होऊ लागते व रस्त्यावरची त्याची पकड सुटते. हिवाळी टायरचे रबर मुद्दाम मऊ ठेवलेले असते आणि त्याच्या नक्षीत केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात, ज्यांच्या कडा बर्फाला धरून राहतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेले चिन्ह ज्या टायरवर असेल तोच खरा हिवाळी टायर मानावा, असा तिकडचा शिरस्ता आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत असे टायर गाडीला असलेच पाहिजेत, असा कायदाच आहे. आणि मॉन्ट्रियलला स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही दिवाळी आटोपली की टायर बदलण्याची वेळ दुकानदाराकडे नोंदवून ठेवतात. पुष्कळ लोक तर हिवाळी टायर साध्या पोलादी चाकांवर चढवून तो संचच वेगळा ठेवतात. रस्त्यावर पसरलेल्या मिठाने चकचकीत अ‍ॅलॉय चाके खराब होत नाहीत आणि दर ऋतूत टायर रिमवरून उतरवण्याची तसदी वाचते.

हा टायर खानदेशात आणला तर काय होईल? मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो, आणि दुपारच्या उन्हात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांवर जातो. अशा रस्त्यावर ते मुळातच मऊ असलेले रबर अधिकच लिबलिबीत होईल, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर अधिक लागेल, आणि जो टायर तिकडे चार हिवाळे टिकतो तो इथे झपाट्याने झिजून जाईल. आपल्याकडे सात अंशांच्या खालची वेळ वर्षातून मोजक्या पहाटे येते आणि सूर्य वर आला की संपते. त्या मोजक्या पहाटांसाठी उरलेले वर्ष धोक्यात घालणे सुज्ञपणाचे नव्हे. हिवाळ्यात मनालीला जाऊन अटल बोगद्यापलीकडे बर्फ पाहण्याची हौस इकडच्या लोकांना अलीकडे लागली आहे. त्यांनी त्या प्रवासापुरत्या चाकांना लावायच्या साखळ्या तिकडेच भाड्याने घ्याव्यात, स्थानिक प्रशासनाचा हुकूम मानावा, आणि बर्फ गोठलेल्या वाटेवर तिथल्याच चालकाच्या हाती स्वतःला सोपवावे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

परदेशातून घ्यायची ती वस्तू नव्हे, ते वळण होय. जर्मन वा कॅनेडियन गृहस्थ आपल्या मुलुखातला मारक ऋतू ओळखतो आणि त्या ऋतूच्या आधी चाकांचा बंदोबस्त करतो. आपला मारक ऋतू उन्हाळा आहे, त्यापाठोपाठचा पावसाळा आहे. आणि या दोन ऋतूंसाठी आपण काहीही करत नाही.

लग्नसराईचे दिवस आठवून पाहावेत. उधना-लिंबायतमध्ये वसलेली सहस्रावधी खानदेशी कुटुंबे सुरतेहून कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळे मार्गे पारोळा-एरंडोलकडे येतात. सातांच्या गाडीत नऊ माणसे, वर कॅरिअरवर रुखवताच्या पेट्या, आत वातानुकूलन चालू, रस्ता चौपदरी झालेला असल्यामुळे वेगाचा काटा शंभराच्या पुढे, आणि वेळ दुपारी दोनची. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा मोटारीचे चाक मिनिटाला सातशेच्या वर फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीला टेकणारा भाग एकदा दबतो व एकदा पूर्ववत होतो. या अखंड वाकण्यातून उष्णता उत्पन्न होते. हवा पुरेशी असेल तर टायरची बाजू बेताने वाकते व ती उष्णता वाऱ्याने निघून जाते. हवा कमी असेल आणि वर भार जास्त असेल, तर बाजू अतोनात वाकते, आतले रबर शिजू लागते, रबर व पोलादी तारांचे थर यांमधील बंध सुटतो, आणि कुठलीही पूर्वसूचना न देता टायर फुटतो किंवा त्याची वरची नक्षी सोलपटून निघते. मोटार बुटकी असेल तर चालक तिला कदाचित सावरू शकेल. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच असतो, ती आडवी वळली की कोलांटते.

म्हणूनच उन्हाळ्यात टायरमधली हवा कमी ठेवावी, नाही तर ती उष्णतेने फुगून टायर फुटतो, हा जो समज आपल्याकडे पेट्रोल पंपापासून बसस्थानकाच्या पारापर्यंत सर्वत्र पसरलेला आहे, तो मला फार घातक वाटतो. त्यात दिसायला तर्क आहे. उष्णतेने दाब वाढतो हे खरेच आहे. परंतु गाडीच्या कारखानदाराने दारावरच्या पट्टीवर जो आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा असतो, चालताना वाढणारा दाब हिशेबात धरूनच तो ठरवलेला असतो, आणि त्यातून चार-सहा अंक कमी करणारा माणूस दाबाने फुटण्याच्या भयाने तापून फुटण्याची तजवीज करत असतो. हवा तपासायची ती सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी; दुपारी तापलेल्या टायरमधून हवा काढून टाकणे हे तर अधिकच वाईट, कारण रात्री टायर निवला की तो नेमाच्या आकड्याच्या पुष्कळ खाली उतरतो. खानदेशच्या हिवाळ्याचा टायरशी जो खरा संबंध आहे, तोही याच ठिकाणी येतो. मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस अंशांत ३३ चा दाब भरलेला टायर जानेवारीच्या आठ अंशांच्या पहाटे, हवेचा एक कणही न गळता, सुमारे २७ वर आलेला असतो. आणि दरमहा थोडी हवा झिरपून जाते ती निराळीच. महिन्यातून एकदा थंड टायरची हवा पाहणे हा आमचा ‘हिवाळी टायर’ समजावा. पंपावर हवा भरून देणे ही विनामूल्य सेवा आहे. ती मागण्यात संकोच कसला?

हवा कमी, ऊन जास्त आणि गाडी उंच हे तिन्ही योग जुळून आले म्हणजे काय होते, याची कैफियत जगाने एकदा फार मोठ्या प्रमाणावर वाचलेली आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन या अमेरिकन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. यांतले बहुसंख्य टायर फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या एसयूव्हीला बसवलेले होते. धावत्या गाडीच्या टायरची नक्षी सुटून ती उलटत असे, आणि तिथल्या रस्तासुरक्षा खात्याने अशा अपघातांशी २७० हून अधिक मृत्यूंचा संबंध जोडला. अपघात टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत दाटीने झाले होते. व्हेनेझुएला आणि सौदी अरेबियातूनही तशाच तक्रारी आल्या होत्या. प्रवास सुखावह व्हावा व गाडी कमी उलटावी म्हणून फोर्डने हवेचा दाब २६ इतका कमी सुचवला होता, तर फायरस्टोनचे म्हणणे ३० हवा होता. दोन कंपन्यांनी दोष एकमेकींवर ढकलला. टायरची बनावट, गाडीची घडण, हवा आणि उष्णता यांचा प्रत्येकी वाटा किती, यावर वाद झाला. परंतु त्या प्रकरणातून अमेरिकेत नवा कायदा झाला आणि टायरमधली हवा कमी झाल्यास चालकाला सूचना देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली. आपल्या वरच्या किमतीच्या गाड्यांत आज जो पिवळा दिवा लागतो, त्याची वंशावळ तिथे जाते. तो दिवा लागल्यावर ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांनी ती वंशावळ ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे अशा अपघाताची बातमी ‘टायर फुटल्याने’ एवढ्या दोन शब्दांत संपते आणि पुढची जबाबदारी दैवाच्या खात्यावर जमा होते. या वृत्तीला मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली सणसणीत उत्तर दिले आहे. २०१० च्या ऑक्टोबरात पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा टायर फुटून ती दरीत कोसळली व एका तरुणाचा मृत्यू झाला होता. टायर फुटणे ही दैवी आपत्ती असल्यामुळे भरपाई देणे लागत नाही, असा विमा कंपनीचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. मनुष्याला ज्याची पूर्वकल्पना येणे शक्य नाही अशा नैसर्गिक घटनेला दैवी आपत्ती म्हणतात. टायर फुटण्याची कारणे मात्र अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना वापरलेला टायर, तापमान अशी असतात, आणि प्रवासाला निघण्यापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे चालकाचे वा मालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. एसयूव्ही घेणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आपल्या विम्याच्या दस्तऐवजाइतकाच जवळ बाळगावा, असे मी म्हणेन.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. टायरच्या दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो भावाचा, दुसरा कंपनीचा, आणि तिसरा बहुधा विचारतच नाही. टायर स्वतःच्या अंगावर आपली सगळी हकीकत लिहून आलेला असतो. ती वाचण्याइतके कष्ट घेतले की दुकानदाराच्या इतबारावर विसंबण्याचे कारण उरत नाही. समजा, एखाद्या टायरवर २३५/६५ आर १७ १०४ एच असे अंकित आहे. २३५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंचांची रिम. इथपर्यंत सर्व जण वाचतात. पुढचा १०४ हा भाराचा निर्देशांक आहे आणि त्याचा अर्थ एका टायरवर ९०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. कित्येक टायरांवर ‘टेंपरेचर’ या शब्दापुढे ए, बी वा सी अक्षर असते. ते उष्णता सोसण्याची व बाहेर टाकण्याची प्रत सांगते, आणि खानदेशात राहणाऱ्याने ‘ए’ खेरीज दुसरे अक्षर स्वीकारू नये. शेवटी एका लंबगोलात चार अंक असतात: २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. ‘भाऊ, टायरची तारीख दाखवा’ असे म्हटल्याबरोबर दुकानदार ‘दादा, माल ताजाच आहे’ म्हणेल. तरीही वाकून तारीख पाहावी, कारण रबर गोदामात पडूनही वयस्क होते, आणि आपल्या उन्हात तर नक्षी शाबूत असलेल्या टायरच्या बाजूलाही चार-पाच वर्षांत बारीक भेगा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही संपला. खाचांच्या तळाशी त्या उंचीच्या गोट्या मुद्दाम बसवलेल्या असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की प्रश्नच उरत नाही. पावसाळ्यात पाणी कापायचे असेल तर तिथवर थांबूही नये.

चाकांच्या हौसेविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मूळच्या १७ इंची रिम काढून १९ इंची, अंगठीसारख्या चमकणाऱ्या अ‍ॅलॉय बसवण्याची टूम सध्या आहे. बाहेरचा व्यास कायम राखायचा तर २३५/६५ आर १७ च्या जागी २३५/५५ आर १९ येतो. त्याने रबराची बाजू सुमारे १५३ मिलिमीटरवरून १२९ वर येते. या कमी झालेल्या जवळजवळ अडीच सेंटिमीटर रबरानेच खड्ड्याचा मार सोसायचा असतो. फागणे ते तरसोद या पट्ट्याच्या चौपदरीकरणाची रखडकथा ज्यांनी वर्षानुवर्षे गाडीच्या चाकांवर अनुभवली, त्यांना खड्डा म्हणजे काय हे सांगायला नको. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की रिम व दगड यांच्या कात्रीत आतल्या दोऱ्या तुटतात, बाजूला फुगा येतो, आणि तो फुगा पुढे कधीतरी उन्हात फुटतो. पोलादी रिम वाकली तर ठोकून सरळ होते. अ‍ॅलॉयला तडा गेला की वेल्डिंग करून पुन्हा वापरणे हा जिवाशी खेळ होय. शिवाय त्या १९ इंची मापात १०१ भारांकाचे टायरही मिळतात, ज्यांची क्षमता ८२५ किलो. म्हणजे चार टायरांमिळून ३०० किलोचा भार सोसण्याची शक्ती आपण पदरचे पैसे देऊन गमावतो. कारखानदाराने ठरवलेला भारांक कधीही उतरवू नये, आणि खानदेशातल्या रस्त्यांसाठी गाडीच्या मान्य मापांपैकी सर्वांत लहान रिम व सर्वांत उंच बाजू हीच श्रेष्ठ निवड, असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना शेतात जावे लागते त्यांचा विचार वेगळा. आपली काळी कपाशीची जमीन पहिल्या दमदार पावसानंतर चाकाला अशी बिलगते की, बारीक नक्षीच्या शहरी टायरच्या खाचा दहा-वीस पावलांत बुजून तो गुळगुळीत गोळा होतो. अशांनी रुंद खाचांचा, ऑल-टेरेन म्हणवणारा टायर जरूर घ्यावा. त्याच्या खाचा चिखल फेकून देतात व खडकाळ पाणंदीवर त्याच्या बाजूही टणक असतात. मात्र निव्वळ चिखलासाठीचे मड-टेरेन टायर लावून रोज महामार्गाने जळगावला ये-जा करणे म्हणजे ओल्या डांबरावरची पकड व ब्रेकची खात्री दोन्ही घालवणे होय.

स्टेपनीचा विसर पडू नये. २०२० सालच्या नियमदुरुस्तीनंतर ट्यूबलेस टायर, हवेची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा कारखानदारांना मिळाली आहे. काही गाड्यांत ती दिली तरी अरुंद, तात्पुरती असते. बिजासनच्या घाटात रात्री टायरची बाजू चिरली तर द्रव ओतून पंक्चर बुजवणारा संच निरुपयोगी ठरतो. गाडी घेतानाच पूर्ण मापाची स्टेपनी मागावी, आणि दर महिन्याला चार नव्हे, पाच टायरांची हवा पाहावी.

शासनाकडे एक मागणी आहे. समृद्धी महामार्गावर अपघात वाढल्यानंतर २०२३ साली परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या माघारी धाडण्याचा उपक्रम सुरू केला होता. तोच उपक्रम मार्च ते जून या चार महिन्यांत सुरत-नागपूर व मुंबई-आग्रा या महामार्गांवरच्या धुळे-जळगाव जिल्ह्यांतील टोलनाक्यांवर का राबवू नये? तिथे हवेचा मापक, नक्षीची खोली मोजण्याची पट्टी आणि दोन जाणकार माणसे, एवढा सरंजाम पुरे. दंडाची पावती फाडण्यापेक्षा टायरची तारीख मोठ्याने वाचून दाखवणारा कर्मचारी अधिक जीव वाचवील. जळगाव व धुळ्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी टायर विक्रेत्यांना सोबत घेऊन लग्नसराईपूर्वी अशी शिबिरे भरवावीत.

आणि वाचकांना विनंती अशी की, उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाचही टायरांवरचे ते चार अंक वाचावेत, दारावरच्या पट्टीवरचा दाबाचा आकडा कागदावर उतरवून घ्यावा, आणि पंपावरच्या मुलाने ‘उन्हाळा आहे, दोन कमी ठेवू का?’ असे विचारले तर त्याला स्पष्टपणे नाही म्हणावे.